रेशनच्या दिवसांतले काळे बोलपट

श्रोतेहो, आजच्या भाषणाच्या नावातला 'काळे' हा शब्द ऐकून दचकू नका. १९४६ साली नीनो फ्रांक या फ्रेंच समीक्षकाने काही अमेरिकन गुन्हेपटांना 'फिल्म न्वार' म्हटले. न्वार म्हणजे काळा. लांबलचक सावल्या, ओले रस्ते आणि मोहापायी घसरत जाणारा माणूस, असे हे बोलपट. नाव पडले ते अमेरिकन चित्रांवरून, म्हणून हा प्रकार अमेरिकेचाच, असे पुष्कळ दिवस मानले गेले. ब्रिटनच्या चित्रांना पंगतीत मागचे पान मिळाले. हे काही न्यायाचे झाले नाही.

का, ते सांगतो. १९४५ साली ब्रिटनने युद्ध जिंकले खरे. पण घरात काय होते? रेशनकार्ड! युद्ध चालू असताना पावावर रेशन नव्हते, ते १९४६ साली आले. रेशन पुरते उठायला १९५४ साल उजाडले. आणि टंचाई तिथे काळाबाजार, हे तुम्हांआम्हांला निराळे सांगायला नको. ब्रिटिश न्वार याच मातीत उगवला.

१९४७ सालचा, रॉबर्ट हेमर यांचा 'इट ऑलवेज रेन्स ऑन संडे' घ्या. लंडनच्या ईस्ट एंडमधली रोझ ही संसारी बाई. रविवारचा दिवस, बाहेर पाऊस. तुरुंगातून पळालेला तिचा जुना प्रियकर आसऱ्याला येतो. घरात नवरा, दोन सावत्र मुली, एक मुलगा. त्याला लपवायचा कुठे? इथे ना पिस्तुलवाला गुप्तहेर, ना कुणी मायावी सुंदरी. बाई घरकाम करता करता वरच्या खोलीची चाहूल घेते, आणि आपला श्वास अडकतो.

त्याच सालच्या 'ब्रायटन रॉक'मध्ये कोवळ्या वयाचा निर्दय गुंड रंगवला रिचर्ड ॲटनबरो यांनी. होय, १९८२ साली 'गांधी' काढणारे तेच!

आणि १९४९ सालचा, कॅरल रीड यांचा 'द थर्ड मॅन'. युद्धाने मोडलेले, चार राष्ट्रांच्या फौजांनी वाटून घेतलेले व्हिएन्ना शहर. हॅरी लाइम हा हसतमुख माणूस चोरीच्या पेनिसिलिनमध्ये भेसळ करून ते विकतो. त्याला पकडून द्यायला त्याचा मित्र कचरतो. तेव्हा त्याला मुलांच्या इस्पितळात नेतात. ते औषध टोचलेली मुले आपल्याला दाखवीतच नाहीत. दिसतो तो पाहणाऱ्या मित्राचा चेहरा. तेवढे पुरते. मित्राचे मन ठरते.

अमेरिकन न्वारमध्ये माणूस बहुधा मोहाने बुडतो. ब्रिटिश न्वार त्याच्याजवळ आणखी एक प्रश्न ठेवतो: ओढगस्तीच्या दिवसांत आपण एकमेकांचे किती राहतो? म्हणून त्याचे पान मागे नको, शेजारी हवे.

शिक्षक बंधुभगिनींनो, उद्या वर्गात एवढेच विचारून पाहा: जिवलग मित्राने औषधात भेसळ केली, तर सांगाल की झाकाल? मात्र उत्तराची घाई करू नका. पोरांना जरा गप्प बसू द्या.