मोत्झूचा कमरपट्टा

इसवी सनापूर्वीच्या 5व्या शतकापासून चीनमधल्या राज्यांच्या पाचवीलाच लढाया पुजल्या होत्या. राज्य कसं चालवावं, माणसानं कसं वागावं, यावर तेव्हा विचारवंतांचे अनेक पंथ उभे राहिले.

कन्फ्यूशियसच्या अनुयायांनी भर दिला माणुसकी, रीतिरिवाज आणि वडीलधाऱ्यांच्या आदरावर. ताओ पंथ निसर्गाच्या ओघाशी जुळवून घ्यायला सांगे. हान फेईसारख्या विधिवाद्यांचा विश्वास होता कडक कायद्यावर, बक्षिसावर आणि शिक्षेवर.

मोत्झू या विचारवंताचं सांगणं मात्र वेगळं: जिव्हाळ्यात आपपरभाव नको.

त्याच्या पंथाच्या ग्रंथात एक प्रसंग येतो. बलाढ्य छू राज्य छोट्या सोंगवर चाल करणार, हे कळताच मोत्झू 10 दिवस, 10 रात्री चालत छूच्या राजधानीत पोचला. तिथं त्यानं कमरपट्टा सोडून मांडला. ही झाली नगराची तटबंदी. लाकडाचे तुकडे झाले युद्धाची यंत्रं. छूचा कारागीर गोंगशू पान यानं नऊ वेळा हल्ल्याची नवी युक्ती लढवली. मोत्झूनं नऊही वेळा ती परतवली. शिवाय त्याचे 300 शिष्य सोंगच्या तटावर आधीच सज्ज होते. छूच्या राजानं मोहीम सोडून दिली.

पुढे इ.स.पू. 221 मध्ये छिन राज्यानं विधिवाद्यांच्या वाटेनं सारा चीन एका सत्तेखाली आणला. त्यानंतरच्या हान काळात मोत्झूचा पंथ जवळजवळ लोपला.