रक्ताचा कर्करोग आणि घराण्याचे रक्त
(कळंब येथील वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आरोग्यावर चार शब्द बोलावेत अशी चिटणिसांची आज्ञा झाली, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर एक मोडलेले लग्न उभे राहिले. मुलीच्या वडिलांना रक्ताचा कर्करोग आहे असे कळताच, ‘घराण्याचे रक्तच दूषित’ म्हणून मुलाकडच्यांनी बोलणी थांबविली. मुलगी माझी भाची. तेव्हा आज थोडे स्पष्ट बोलल्यास क्षमा असावी.

या आजाराचे नाव क्रॉनिक मायलॉइड ल्यूकेमिया. १९६० साली फिलाडेल्फियात नोवेल व हंगरफर्ड यांना अशा रोग्यांच्या पेशींत एक आखूड गुणसूत्र दिसले. नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांचे तुकडे तुटून त्यांची अदलाबदल होते, हे जॅनेट राउली या विदुषींनी १९७३ साली दाखविले. वाडीत आपण आंब्याचे कलम बांधतो, तसे दोन निरनिराळ्या जनुकांचे तुकडे येथे सांधले जातात; माळी मात्र कोणी नसतो. या जोडजनुकापासून होणारे प्रथिन पेशींना वाढीचा हुकूम अखंड देत राहते. विहिरीवरच्या पंपाची कळ अडकून वाडी पाण्याखाली जावी, त्यातलाच प्रकार.

हे कलम आईबापांकडून येत नाही. अस्थिमज्जेतील एका पेशीत, माणसाच्या हयातीत ते घडते, आणि मुलांकडे जात नाही. काही कर्करोगांची प्रवृत्ती घराण्यात असते हे खरे. हा त्यांतला नव्हे.

आणि यावर औषध आहे. २००१ साली अमेरिकेत मान्य झालेली इमॅटिनिबची गोळी त्या प्रथिनाच्या नेमक्या खाचेत बसून त्याचे काम बंद पाडते. परदेशी गोळीला महिन्याला सुमारे १,२०,००० रुपये पडत, देशी गोळीला आठदहा हजार. परदेशी कंपनीने मागितलेल्या पेटंटाविरुद्ध मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन लढली, आणि १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते पेटंट नाकारले. फुफ्फुसाच्या काही कर्करोगांतही २००७ साली जपानी संशोधकांना असाच सांधा सापडला. त्यावरही गोळ्या निघाल्या आहेत.

गोळी मात्र रोज घ्यावी लागते. पुढे कधी ती थांबवायची झाल्यास ते डॉक्टर रक्त तपासून ठरवितात, आपण नव्हे. बोलणी चालू असताना पाहुण्यांच्या नजरेस पडू नये म्हणून माझ्या मेहुण्यांनी औषध तांदळाच्या डब्यात लपविले आणि तीन आठवडे घेतलेच नाही. पुढच्या तपासणीत जोडजनुकाचे प्रमाण वाढलेले निघाले.

आता ती पट्टी ओटीवरच्या फडताळात उघडी असते. यंदाच्या वधूवर-यादीत भाचीचे नाव आहे, आणि तिच्याच सांगण्यावरून वडिलांच्या आजाराचे नावही मी त्याखाली लिहून दिले आहे.