खातं मागायचं ते हक्कानं



जर्मनीतल्या विद्यापीठांचं हिवाळी सत्र ऑक्टोबरात सुरू होतं. त्यामुळे पुण्या-नाशकातल्या, कोल्हापूर-नागपूरच्या कितीतरी घरांत सध्या प्रवेशाची पत्रं आणि व्हिसाच्या तारखा यांचीच बोलणी चालू असतील. मसाल्याच्या पुड्या, प्रेशर कुकर, लोकरीचे कपडे यांच्या याद्या होतात. बँकेचा विषय निघाला की मात्र उत्तर मिळतं, ‘ते तिथं गेल्यावर बघू.’ आजचं व्याख्यान या ‘तिथं गेल्यावर’विषयी आहे. मी फ्रँकफर्टमध्ये राहते आणि नव्यानं आलेल्या आपल्या मुलांना तिथली कागदपत्रं समजावून देते. मुलं सगळ्यांत जास्त खचतात ती बँकेच्या दारात, हे मी जवळून पाहिलेलं आहे. थंडीला आणि भाषेला ती तयारीनं तोंड देतात. पण स्वतःच्या नावावर पैसे असून ते हाती येत नाहीत, याची तयारी कोणी करून दिलेली नसते.

आधी एक घोटाळा दूर करू. व्हिसासाठी जे खातं उघडावं लागतं त्याला श्पेरकोंटो म्हणतात, म्हणजे अडवून ठेवलेल्या पैशांचं खातं. विद्यार्थी वर्षभर स्वतःचा खर्च भागवू शकतो, याची खात्री त्यातून जर्मन सरकारला हवी असते. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम वर्षाला ११,९०४ युरो आहे. भारतातून ती एकरकमी भरायची आणि तिथं पोचल्यावर दरमहा ९९२ युरो याप्रमाणे परत मिळवायची. आईवडील कर्ज काढून ही रक्कम भरतात आणि समजतात, बँकेचं काम झालं. प्रत्यक्षात या खात्यातून ना भाडं देता येतं, ना दुकानात कार्ड चालवता येतं. दरमहाचे ९९२ युरो जमा व्हायला रोजच्या व्यवहाराचं वेगळं खातं लागतं. ते नसेल तर श्पेरकोंटोतले पैसे तिथंच पडून राहतात आणि मूल खिशातल्या रोकडीवर दिवस काढतं.

आणि रोकडीवर तिथं फार दिवस निघत नाहीत. घरभाडं, आरोग्य विम्याचा हप्ता, फोनचं बिल, दर घरामागे महिन्याला १८.३६ युरोची रेडिओ-टीव्ही वर्गणी, सगळं खात्यातून वळतं होतं. अर्धवेळ काम मिळालं तर मालक पहिल्याच दिवशी आयबान, म्हणजे खात्याचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, मागतो. जर्मन आयबान २२ अक्षरांचा असतो: सुरुवातीला डीई ही दोन अक्षरं आणि पुढं वीस आकडे. तो नाही तर पगार नाही.

मग खातं उघडायला अडचण कुठं येते? बँक पत्त्याचा दाखला मागते. जर्मनीत घर बदललं की दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेच्या कचेरीत पत्ता नोंदवावा लागतो. या नोंदणीला आनमेल्डुंग म्हणतात. नोंदणीसाठी घरमालकाची सही असलेला कागद लागतो. घर मिळवायचं तर मालक बहुधा शुफाचा उतारा मागतो. शुफा ही १९२७ पासून चालत आलेली संस्था. कोणी कर्ज वेळेवर फेडलं, कोणाची बिलं थकली, याची नोंद ती ठेवते. नव्यानं आलेल्या माणसाची तिथं पाटी कोरी, आणि कोऱ्या पाटीवर मालकाचा भरवसा बसत नाही. बरं, घर मिळालंच तर तीन महिन्यांच्या भाड्यापर्यंत अनामत मागण्याची मालकाला मुभा आहे, आणि ती त्याला खात्यातून हवी असते. म्हणजे घरावाचून खातं नाही, खात्यावाचून घर नाही. मोठ्या शहरांत नगरपालिकेची वेळ मिळायलाच कित्येक दिवस जातात, ते वेगळंच.

या कोंडीत सापडलेली मुलं घाबरून भलते मार्ग धरतात. कोणी पैसे देऊन नोंदणीपुरता पत्ता विकत घेतं. खरोखर न राहणाऱ्याला असा खोटा पत्ता देणाऱ्याला ५०,००० युरोपर्यंत दंड होऊ शकतो, आणि खोटी नोंद करणारा मुलगाही सुटत नाही. कृपा करून मुलांना हे आजच सांगून ठेवा. जो मालक खरोखर राहायला जागा देतो, त्याला तो सहीचा कागद देणं कायद्यानंच बंधनकारक आहे. ‘खोली देतो, पण कागद देत नाही’ असं कोणी म्हणालं तर ती खोली घेऊ नये.

आता एक अगदी लहान गोष्ट सांगते, पण तिच्यापायी मी मुलांना रडकुंडीला आलेलं पाहिलं आहे. जर्मनीतल्या बहुतेक इमारतींत फ्लॅटला नंबर नसतो. पत्त्यात रस्ता, इमारतीचा क्रमांक, पिनकोड आणि गाव, एवढंच. पोस्टमन पत्र टाकतो ते खालच्या पत्रपेटीवर आणि घंटीवर लिहिलेलं नाव पाहून. बँक कार्ड पाठवते टपालानं, त्याचा गुप्त आकडा पाठवते वेगळ्या पाकिटात, आणि कराचा अकरा आकडी क्रमांकही टपालानंच येतो. पेटीवर श्मिट आणि वेबर एवढीच नावं असतील तर आपल्या कुलकर्ण्यांचं पाकीट आल्या पावली परत जातं. मुलगा वरच्या मजल्यावर वाट पाहत बसलेला असतो आणि बँकेच्या दप्तरी शेरा पडतो, ‘या पत्त्यावर ही व्यक्ती राहत नाही.’ म्हणून खोलीत सामान ठेवलं की पहिलं काम करायचं ते पत्रपेटीवर आपलं आडनाव चिकटवण्याचं. कोणाच्या घरात तात्पुरता मुक्काम असेल तर पत्त्यात त्या घरधन्याचं नावही घालायचं.

नावाचा मुद्दा निघालाच आहे म्हणून सांगते. आपल्या पासपोर्टावर मुलाच्या नावाला जोडून वडिलांचं नाव असतं. बँकेच्या अर्जात, नगरपालिकेत आणि भाडेकरारात नाव पासपोर्टात छापलंय तसंच्या तसं आलं पाहिजे. लग्नानंतर जाणाऱ्या मुलींनी हे विशेष जपावं. पासपोर्ट माहेरच्या नावाचा आणि बाकीचे कागद सासरच्या नावाचे, अशा वेळी बँकेचा कारकून अडून बसला तर त्याला दोष देता येत नाही. ओळख पटवायला बँका हल्ली व्हिडिओ कॉल करतात. काही बँकांना त्यावर भारतीय पासपोर्ट चालत नाही. तिथं न अडखळता टपाल कचेरीत जाऊन ओळख पटवण्याचा पर्याय मागावा, नाहीतर शाखा असलेल्या बँकेत समक्ष जावं.

ही सगळी धडपड मुलं अजिजीनं करतात. काउंटरपलीकडचा माणूस ‘नाही’ म्हणाला की ती मान खाली घालून निघून येतात आणि पुढच्या बँकेत जातात. मला आज मुख्यतः बोलायचं आहे ते याविषयी. जर्मनीत कायदेशीरपणे राहणाऱ्या प्रत्येक माणसाला बँक खात्याचा हक्क आहे. युरोपीय संघानं २०१४ साली तसा निर्देश काढला, जर्मनीनं त्यावर कायदा केला, आणि जून २०१६ पासून तिथं बाझिसकोंटो, म्हणजे मूलभूत खातं, द्यावंच लागतं. ग्राहकांना खाती देणाऱ्या बँकेनं ठरलेल्या नमुन्यातला अर्ज पूर्ण भरून मिळाल्यावर दहा कामकाजाच्या दिवसांत खातं उघडून द्यायचं, किंवा नाकारलं तर कारण लेखी कळवायचं. कारणंही कायद्यानंच मोजकी ठेवली आहेत. उदाहरणार्थ, अर्जदाराचं वापरात असलेलं तसंच खातं जर्मनीत आधीपासून असेल तर. शुफाची पाटी कोरी आहे, पगार नाही, नागरिकत्व परकं आहे, ही कारणं त्यांत बसत नाहीत. एवढंच काय, ज्याला राहायला घर नाही त्याचाही हा हक्क कायद्यानं मान्य केला आहे. बँकेनं तरीही टोलवलं तर बाफिन या देखरेख संस्थेकडं तक्रार करता येते आणि ती संस्था बँकेला खातं उघडायचा आदेश देऊ शकते.

या खात्यावर उसनवारीची सोय नसते, पण पैसे भरणं, काढणं, पाठवणं, कार्ड वापरणं, भाडं-विम्याचे हप्ते वळते करणं हे सगळं होतं. त्याचं शुल्क वाजवी असलं पाहिजे, असंही कायदा सांगतो. एका मोठ्या बँकेनं महिन्याला ८.९९ युरो लावले होते. ग्राहक संघटना न्यायालयात गेली, आणि ३० जून २०२० रोजी जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयानं ते शुल्क अवाजवी ठरवलं. साध्या माणसाच्या महिन्याच्या नऊ युरोंसाठी एक देश आपल्या सर्वांत वरच्या न्यायालयात जातो, याचं मला मोल वाटतं.

हा कायदा एका रात्रीत आला नाही. १९९५ पासून तिथल्या बँकांनी ‘प्रत्येकाला खातं’ देण्याचं स्वेच्छेनं मान्य केलं होतं. पण स्वेच्छेची गोष्ट शाखेतल्या माणसाच्या इच्छेवर येऊन थांबते. गरजवंत परतच जात राहिले आणि अखेर कायदा करावा लागला. इथं मला रायफायझन आठवतात. फ्रीडरिश विल्हेल्म रायफायझन हे एकोणिसाव्या शतकातले तिकडच्या खेड्यांतले एक महापौर. सावकारी पाशातून शेतकरी सोडवायला त्यांनी गावोगावी पतसंस्था उभ्या केल्या. मद्रास सरकारनं फ्रेडरिक निकल्सन यांना त्या पाहायला पाठवलं, त्यांच्या अहवालामागून १९०४ चा आपल्याकडचा सहकारी पतसंस्थांचा कायदा आला, आणि १९०६ साली पुण्यात कॉसमॉस बँक निघाली. सहकाराचं हे बळ ओळखीत होतं: गाव माणसाला ओळखतं, म्हणून गाव त्याला जामीन राहतं. पण ज्याला कोणीच ओळखत नाही, अशा परक्याचं काय? त्याला जामीन राहायला शेवटी कायदाच लागतो.

बँका परक्याला इतकं तपासतात त्यालाही कारण आहे, आणि ते मुलांनी गांभीर्यानं घ्यायला हवं. काळा पैसा फिरवणाऱ्या टोळ्यांना कोऱ्या नावाची खाती हवी असतात आणि त्यांची नजर नेमकी नव्या विद्यार्थ्यांवर असते. ‘तुझ्या खात्यात पैसे येतील, थोडे तू ठेव, बाकीचे पुढं पाठव,’ असं गोड बोलणं येतं. किंवा घरबसल्या कामाची जाहिरात असते: बँकेचं ॲप तपासून द्या, त्यासाठी व्हिडिओवर पासपोर्ट दाखवा. तेवढ्यानं त्या मुलाच्या नावावर खरंखुरं खातं उघडतं आणि त्याच्या चाव्या चोरांच्या हाती जातात. जर्मन कायदा यात जाणूनबुजून केलेल्या गुन्ह्याबरोबर गंभीर निष्काळजीपणाही शिक्षेला पात्र ठरवतो. असा गुन्हा नोंदला तर राहण्याचा परवानाही धोक्यात येतो. आपलं खातं घटकाभरही दुसऱ्याला वापरू द्यायचं नाही, सख्ख्या मित्रालाही नाही.

आईवडिलांसाठी दोन गोष्टी थोडक्यात. खात्यातून परस्पर हप्ता वळता करायला परवानगी देताना पुष्कळांना धास्ती वाटते. पण अशी वळती झालेली रक्कम आठ आठवड्यांच्या आत कारण न देता परत मागता येते. दुसरं म्हणजे, शिकायला बाहेर गेलेला विद्यार्थी आपल्या परकीय चलन कायद्यानं अनिवासी ठरतो. तेव्हा त्याचं इथलं साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी माणसाच्या, खात्यात बदलून घ्यायचं असतं. बँकेत जाऊन ते काम मूल निघण्याच्या सुमारासच उरकून टाका.

आणि आता आपल्या दाराशी येते. आपल्या पुण्यातही परदेशी विद्यार्थी शिकतात. इराणची, येमेनची, आफ्रिकेतल्या अनेक देशांची मुलं आहेत. त्यांचीही हीच कोंडी होते. रिझर्व्ह बँकेचा नियम तर उदार आहे. पासपोर्ट, व्हिसा आणि महाविद्यालयाचं प्रवेशपत्र एवढ्यावर परदेशी विद्यार्थ्याचं एनआरओ खातं उघडता येतं. स्थानिक पत्त्याचा पुरावा त्यानं नंतर ३० दिवसांत द्यायचा. तोवर बाहेरून १,००० डॉलरपर्यंत रक्कम यावी आणि खात्यावर एकूण ५०,००० रुपयांची कमाल मर्यादा असावी, एवढंच बंधन. पाकिस्तानसारखे थोडे अपवाद सोडले तर हा नियम सगळ्यांना लागू आहे. पण पुष्कळदा काउंटरवर तो कोणाला ठाऊक नसतो आणि मुलाला आधी भाडेकरार आणायला सांगतात. भाडेकरार मागितला की आपलाच एखादा घरमालक तो नोंदवायला नाखूश असतो. महाराष्ट्राच्या भाडे नियंत्रण कायद्यानं ती नोंदणी ही मालकाचीच जबाबदारी आहे.

या सभागृहात बँकेत काम केलेले किंवा करणारे अनेकजण असतील, परदेशी मुलांना खोल्या देणारेही असतील. बँकेतल्यांना माझी विनंती आहे की रिझर्व्ह बँकेचा हा नियम उद्याच आपल्या शाखेत काढून वाचा आणि काउंटरवरच्या सहकाऱ्यांना दाखवा. घरमालकांनी करार नोंदवून द्यावा आणि खालच्या पत्रपेटीवर त्या मुलाचं नाव लिहू द्यावं.