टर्नटेबल जुळविण्याची कला



ज्यांच्या घरीं उत्तम प्रतीचें टर्नटेबल आहे, त्यांच्यापुढें केव्हांना केव्हां हा प्रश्न उभा राहतोच, कीं यावर आणखी पैसे खर्चावे काय, आणि खर्चावयाचे तर कोणत्या भागावर. गेल्या कांहीं वर्षांत रेकॉर्डी पुन्हां निघूं लागल्या आहेत, वडिलांच्या कपाटांतील जुने संग्रहही बाहेर येत आहेत. तेव्हां हा प्रश्न आतां मूठभर शौकिनांपुरता राहिलेला नाहीं. माझें उत्तर आरंभींच सांगून टाकतों. यंत्राचा एकही भाग बदलण्यापूर्वीं आहे तें यंत्र नीट लावून घ्यावें. मिरजेचा तंबोरा कितीही मोलाचा असला, तरी जुळविल्यावांचून त्याच्या साथीनें गातां येत नाहीं. टर्नटेबल हेंही जुळविण्याचें वाद्यच आहे.

केवळ कानाच्या सुखाचा प्रश्न असता, तर मी इतका आग्रह धरला नसता. हिऱ्याच्या साध्या गोल सुईच्या टोंकाची त्रिज्या साधारणपणें १८ मायक्रॉन असते. म्हणजे एका मिलिमीटरचे हजार भाग केले, तर त्यांतले अठरा. एवढ्याशा टोंकावर दीड-दोन ग्रॅम भार पडतो. भार दिसावयास क्षुल्लक, पण ज्या जागेवर तो पडतो ती जागा डोळ्यांना दिसतही नाहीं, म्हणून तेथील दाब प्रचंड होतो. सुई खाचेच्या दोन्ही भिंतींना सारखी टेकून चालली, तर रेकॉर्ड वर्षानुवर्षें टिकते. ती उडत, आपटत चालली, तर भिंती छिलल्या जातात, आणि छिललेली तान जगांतील कोणत्याही यंत्रानें परत येत नाहीं. जिची दुसरी प्रत बाजारांत मिळण्याची आशा नाहीं, अशा रेकॉर्डीच्या बाबतींत ही हानि कायमची होय.

उगमापाशीं जें गळालें तें पुढें भरून निघत नाहीं, याच विचारावर स्कॉटलंडमधील एका कंपनीनें आपली कीर्ति उभारली. ग्लासगोच्या आयव्हर टीफेनब्रन यांची लिन कंपनी १९७३ सालीं निघाली. त्या काळीं सर्वसाधारण समज असा होता, कीं ध्वनीचा दर्जा स्पीकरावर ठरतो. टर्नटेबलाचें काम काय तें रेकॉर्ड फिरविण्याचें. लिननें उलट सांगितलें: प्रथम टर्नटेबल, मग सुई धरणारा टोनआर्म, मग कार्ट्रिज, आणि स्पीकर सर्वांत शेवटीं. त्यांचें 'सोंडेक एलपी १२' हें यंत्र अद्यापही तयार होतें, आणि त्याचे नवे निघालेले बहुतेक भाग जुन्या यंत्रासही बसवितां येतात. १९८२ सालीं वल्हाला नांवाचा मोटारीचा वीजपुरवठा निघाला, १९९० सालीं लिंगो, १९९३ सालीं सर्कस नांवाचें बेअरिंग. जुन्या वाड्याचा एकेक वासा बदलावा, तसे लोक हें यंत्र बदलत आले आहेत. अलीकडील कांहीं भागांची किंमत हजारो पौंडांच्या घरांत आहे.

परंतु याच यंत्राची ख्याति आणखी एका गोष्टीसाठीं आहे: तें लावावयास कठीण. त्याची थाळी आणि टोनआर्म एका आंतल्या चौकटीवर बसविलेले असून ती चौकट तीन स्प्रिंगांवर तोललेली असते. मोटार मात्र वेगळी, पक्की बसविलेली; दोहोंमध्यें दुवा काय तो रबरी पट्ट्याचा. थाळी हलकेंच दाबून सोडली असतां ती पिचकारीच्या दांड्याप्रमाणें सरळ वरखालीं झाली पाहिजे. ती डोलूं लागली, कीं मोटार व थाळी यांमधील अंतर क्षणोक्षणीं बदलतें, पट्ट्याचा ताण बदलतो आणि स्वर हलतो. हा दोष स्प्रिंगांचे नट खालून थोडथोडे फिरवून घालवितां येतो. त्यास जाणता हात आणि संध्याकाळभर धीर लागतो. नीट लावलेलें जुनें एलपी १२ हें ढिसाळपणें लावलेल्या नव्याकोऱ्या यंत्रापेक्षां सरस वाजतें, असें माझें स्पष्ट मत आहे.

आतां आपल्या घरांकडे वळूं. टर्नटेबल कोणत्याही कंपनीचें असो, पहिली गोष्ट जागेची. पुण्यांतील जुन्या वाड्यांत आणि मुंबईच्या कित्येक चाळींत जमीन लांकडी तक्तपोशीची असते. अशा जमिनीवर कोणी चाललें, कीं सुईला धक्का बसतो. तेथें भरभक्कम भिंतींत ठोकलेली फळी हीच उत्तम बैठक. मग गवंड्याची पाणसळ थेट थाळीवर ठेवून यंत्र समपातळींत आणावें.

दुसरी गोष्ट गतीची, आणि येथें आपल्याकडे एक विशेष घोटाळा होतो. पुष्कळांचे नातेवाईक अमेरिकेहून जुनें टर्नटेबल आणून देतात. तेथील वीज सेकंदास ६० आवर्तनांची, आपली ५० ची. विजेच्या आवर्तनांवर थेट चालणाऱ्या मोटारीचें यंत्र ट्रान्सफॉर्मर लावून येथें चालूं होतें खरें. पण ट्रान्सफॉर्मरनें विजेचा दाब बदलतो, आवर्तनें बदलत नाहींत. मिनिटास ३३⅓ फेरे व्हावयाचे, ते पावणेअठ्ठावीसच्या आसपास होतात, आणि काळी चारमध्यें गाणारी गायिका पांढरी चारवर उतरते! उपाय एकच, ५० आवर्तनांसाठीं केलेली पुली बसविणें. गति तपासण्यासाठीं १८० रेघांची छापील चकती मिळते. आपल्या विजेच्या दिव्याखालीं तिच्या रेघा स्थिर दिसल्या, कीं गति बरोबर. मात्र हल्लींच्या कित्येक एलईडी दिव्यांचा प्रकाश पुरेसा लुकलुकत नाहीं, म्हणून दिवा जुन्या पद्धतीचा घ्यावा.

सरासरी गति बरोबर असून ती क्षणोक्षणीं हलत असेल, तर चकतीपेक्षां आपला कान अधिक तीक्ष्ण. परदेशीं त्यासाठीं बहुधा पियानोचा लांब स्वर ऐकतात. आपल्याजवळ त्याहून उत्तम साधन आहे, तें म्हणजे तंबोरा. गायनापूर्वीं जेथें तंबोरा क्षणभर एकटा वाजतो, ती जागा लक्ष देऊन ऐकावी. षड्ज दर १.८ सेकंदांनीं वरखालीं झोका घेत असेल, तर तो थाळीच्या एका फेऱ्याचा काळ आहे. बहुधा रेकॉर्डीचें भोंक मध्यावर नाहीं. तें अर्धा मिलिमीटर जरी बाजूला असलें, तरी स्वराचा हेलकावा जवळजवळ एका श्रुतीएवढा होतो. दुसरी रेकॉर्ड लावतांच दोष गेला, तर यंत्रास बोल लावूं नये. पण हेलकावा जलद किंवा अनियमित असेल, तर पट्टा सैल पडला आहे किंवा बेअरिंगमध्यें तेल नाहीं, असें समजावें.

तिसरी गोष्ट भूमितीची. मूळ तबकडीवर खाच कोरणारें हत्यार सरळ रेषेंत मध्याकडे सरकतें. आपला टोनआर्म मात्र एका खुंटीभोवतीं फिरतो, म्हणून सुई वर्तुळाच्या कंसावरून जाते. अर्थात् सुईचा कोन सर्वत्र बरोबर राहणें शक्य नाहीं. तो दोनच ठिकाणीं तंतोतंत जुळतो. हीं दोन ठिकाणें कोठें असावीं याचें गणित १९३८ सालीं स्वीडनच्या लोफग्रेन यांनीं आणि १९४१ सालीं बेअरवाल्ड यांनीं मांडलें. मध्यापासून ६६ व १२०.९ मिलिमीटरांवर तीं धरलीं, कीं वांकडेपणामुळें येणारा विकार सर्वांत कमी राहतो. हे बिंदु छापलेला कागद थाळीवर ठेवून कार्ट्रिज मागेंपुढें सरकवावें. येथें एका मिलिमीटराची चूकही ऐकूं येते.

ती ऐकूं येते तीही नेमकी नको तेथें. मोठ्या रेकॉर्डीच्या कडेस एका सेकंदाचें गाणें सुमारें ५१ सेंटिमीटर लांबीवर पसरलेलें असतें. मध्याजवळ पोंचेपर्यंत तेवढेंच गाणें २१ सेंटिमीटरांत दाटीवाटीनें बसवावें लागतें. आतां आपल्या ख्यालाची रचना पाहा. विलंबित आधीं, द्रुत मागाहून, आणि तानांची बरसात अगदीं शेवटीं. म्हणजे गळ्याची सर्वांत अवघड करामत खाचेच्या सर्वांत अडचणीच्या जागीं येते. द्रुतांतला आकार फाटतो, 'स' आणि 'श' यांचा फुसफुसाट होतो, आणि घरमालक म्हणतात, रेकॉर्डच झिजली! झिजलेली असेलही, पण आधीं कोन पाहावा.

त्याचबरोबर भार पाहावा. सुई जितकी हलकी तितकी रेकॉर्डीवर दया, अशी एक भाबडी समजूत आहे. वस्तुस्थिति बहुधा उलट असते. कमी भाराची सुई जोरकस स्वरापाशीं भिंत सोडते आणि परत येऊन तिच्यावर आदळते. माझ्या एका स्नेह्यांनीं द्रुत तुटतें म्हणून महाग कार्ट्रिज घेण्याचा बेत केला होता. पाहतों तों, निर्मात्यानें १.६ ते २ ग्रॅम सांगितलेलें, आणि भार १.२ ग्रॅम ठेवलेला! छोट्या डिजिटल कांट्यावर तो १.९ केला आणि बेत तेथेंच रहित झाला. टोनआर्म रेकॉर्डीशीं समांतर असावा. सुईखालीं लहानसा आरसा ठेवला असतां कार्ट्रिज आणि त्याचें प्रतिबिंब एका सरळ रेषेंत दिसावें. सुईस आंत ओढणाऱ्या जोराविरुद्ध जी व्यवस्था असते, ती भाराच्या आंकड्याइतकी ठेवून आरंभ करावा. पुढें कान सांगेल.

इतकें झाल्यावर कार्ट्रिज खरोखरच बदलावयाचें असेल, तर तें आपल्या टोनआर्मला शोभतें कीं नाहीं हें आधीं हिशेबानें पाहावें. टोनआर्मचें प्रभावी वस्तुमान, कार्ट्रिजचें वजन आणि स्क्रूंचें वजन यांची बेरीज ग्रॅममध्यें करावी. तिला सुईच्या लवचिकपणाच्या आंकड्यानें गुणून वर्गमूळ काढावें, आणि त्यानें १५९ ला भागावें. ११, ६ व १ मिळून १८ ग्रॅम, लवचिकपणा १५, गुणाकार २७०, वर्गमूळ १६.४, उत्तर ९.७. हें उत्तर ८ ते १२ मध्यें आलें, तर जोडी जमली. त्याहून खालीं आलें, तर रेकॉर्डीच्या बांकामुळें टोनआर्म हेलकावे खाऊं लागतो. कांहीं जपानी कंपन्या हा आंकडा १०० आवर्तनांवर मोजून देतात. तो हिशेबांत साधारण दीडपट ते दुप्पट धरावा लागतो. विक्रेत्यास हें विचारून पाहावें; त्याच्या उत्तरावरून दुकानाची पारखही होते.

स्वच्छतेविषयीं थोडकेंच. पावसाळ्यांत रेकॉर्डीवर बुरशी चढते. मोठ्या रेकॉर्डीस शुद्ध केलेलें पाणी व मऊ कापड पुरतें. जुन्या ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या रेकॉर्डीस मात्र स्पिरिट कदापि लावूं नये, त्यानें लाख विरघळते. त्यांची खाचही रुंद, म्हणून त्यांना सुमारें चौपट जाड टोंकाची निराळी सुई हवी.

आणि पैसे खर्चावयाचेच, तर पहिला मान सुईचा. हिरा झाला तरी तो ५०० ते १००० तासांत झिजतो, आणि झिजलेल्या हिऱ्यास धार येते. रोज तासभर ऐकणाऱ्याच्या घरीं हा काळ दीड ते पावणेतीन वर्षांत भरतो, पण तो कधीं भरला हें कोणाच्या ध्यानांत राहत नाहीं. यंत्राशेजारीं एक वही ठेवावी. रेकॉर्डीची एक बाजू सुमारें वीस मिनिटांची असते. बाजू वाजून झाली, कीं एक रेघ ओढावी. तीन रेघा म्हणजे एक तास.