हत्यारांची पिशवी
(महिला मंडळापुढे केलेले भाषण)



भिंतीत खिळा ठोकायचा झाला तर आपण काय घेतो? वरवंटा. स्क्रू फिरवायचा झाला तर? सुरी. वरवंटा निसटतो, बोट चेंगरते. सुरीचे टोक मोडते. मग आपण म्हणतो, "हे काय बायकांचं काम आहे?" अहो, वरवंट्याने तर सुतारालाही जमायचे नाही!

मागच्या हिवाळ्यात आम्ही एका वस्तीवर मुक्कामाला होतो. घरधनी बांधकामावर शहरात गेलेला. घरात बाई आणि दोन लहान मुले. दाराची बिजागरी निखळलेली. सुतार "उद्या येतो" म्हणाला, त्याला नऊ दिवस झाले होते. ती बाई रोज रात्री दाराला पाटा लावून निजत होती. निजत कसली, जागीच असायची.

आम्ही दार पाहिले. स्क्रू जागेवर होते, पण त्यांची भोके मोठी झाली होती. काडेपेटीतल्या काड्या घेतल्या. त्यांचे गूल मोडून टाकले. काड्या भोकात ठोकल्या, वर राहिलेले तुकडे कापले आणि त्यात स्क्रू पिळला. घट्ट बसला. पेचकस आमचा होता, पण फिरवला त्या बाईनेच. पाव तासात दार लागले. ती म्हणाली, "एवढंच होतं होय?" आणि जरा रागावलीच. कोणावर, ते आम्ही विचारले नाही.

म्हणून आज पिशवीबद्दल सांगतो. फार हत्यारे लागत नाहीत.

पहिली हातोडी. पाव ते अर्धा किलोची घ्या. मोठा हातोडा नको, मनगट दुखते. दुकानात हलवून पाहा. डोके हलत असेल तर परत द्या. दांडा टोकाजवळ धरायचा. खिळा बोटात धरायची भीती वाटते ना? मग जुन्या फणीच्या दातांत अडकवून धरा.

पेचकस दोन हवेत. एकाचे तोंड चपटे, दुसऱ्याचे अधिकाच्या खुणेसारखे. उजवीकडे फिरवला की स्क्रू आवळतो, डावीकडे फिरवला की सैल होतो. मग एक पक्कड, एक सरकता पाना आणि मोजायची टेप. करवत आणि थापी पुढे घ्या, हात बसल्यावर. ओळंबा तर फुकट होतो. दोरीला दगड बांधा, झाला. फळीची खुंटी उभ्या रेषेत सरळ आली का, ते त्याने कळते.

पाना कशाला? नळ गळतो, त्याला. आधी पाणी बंद करा. पान्याने नळाचे वरचे डोके उघडा. आत रबराची चकती असते, तिला वॉशर म्हणतात. बहुधा तीच झिजलेली असते. जुनी चकती दुकानात न्या आणि तेवढीच आणा. उत्तर प्रदेशात बांदा जिल्ह्यातल्या गावच्या बायांनी तर १९९० नंतरच्या काळात हातपंप दुरुस्त करायला शिकून घेतले. त्यांतल्या कितीजणींना अक्षरओळखही नव्हती.

आता विजेचे. इथे आम्ही जरा दटावूनच सांगतो. टेस्टर पिशवीत ठेवा, पण त्याचा दिवा लागला नाही म्हणजे वीज नाहीच, असे धरू नका. टेस्टरही बिघडतो. मेन स्विच बंद केल्याशिवाय कशालाच हात लावायचा नाही. आणि वायरी जोडायचे काम वायरमनचे, ते त्यालाच करू द्या.

कौले शाकारायलाही एकटीने चढू नका. कौलावर पाय दिला की ते फुटते. शिडी चार हात उंच टेकली तर तिचा पाय भिंतीपासून एक हात दूर हवा आणि खाली धरायला माणूस हवे.

आणखी एक. पिशवी तुमच्या खुंटीला टांगा. घरातले कोणी पक्कड नेली तर मागून घ्या. एकदा गेलेली पक्कड गोठ्यात सापडते, तीही गंजलेली!

आज आम्ही एक जुने दार आणले आहे. त्याच्या तीन बिजागऱ्या सैल आहेत. काडेपेटी इथे आहे, पेचकस इथे आहे. या, पहिली कोण येते?