घरी पाहिलेले चित्रपट व मालिका

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला बोलायला उभे राहा म्हटले तेव्हा मी प्रथम नाहीच म्हणाले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढची शाळा दोन कोसांवर, मधे जंगल, म्हणून वडिलांनी पाठविले नाही. परंतु चिटणीसबाई म्हणाल्या, "रोज घरी जे पाहता त्यावरच बोला, त्याला कुठे परीक्षा द्यायची असते?" तेव्हा धीर केला. चुकले-माकले सांभाळून घ्यावे.

आमच्या लहानपणी पाहणे म्हणजे नाटक. दिवाळी झाली की गावोगावी मंडई, नंतर शंकरपट, आणि रात्री वडशाच्या एखाद्या कंपनीचे नाटक. घर पाहुण्यांनी भरून जाई. सोयरिकीही तेथेच जुळत. माझी तशीच जुळली. हे नाटक अजून चालते, आणि आपल्या गडचिरोली जिल्ह्यातील परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या गावात आपल्याच घरचा कोणी असावा असा आनंद झाला.

टी.व्ही. मी पहिल्यांदा पाहिला तो 'रामायण' लागत असे तेव्हा, १९८७-८८ साली. गावात एकच संच होता. आम्ही पोरे अंगणात बसून खिडकीतून पाहत असू. तेच रामायण २०२० च्या टाळेबंदीत पुन्हा लागले, तेव्हा मी माझ्या घरात, माझ्या पलंगावर बसून पाहिले आणि सासूबाई शेजारी हात जोडून बसल्या. नाटक पाहायला नेसून-सवरून जावे लागे. हे मात्र घरातच आहे. भाजी चिरता चिरता पाहता येते, आवडले नाही तर उठून जाता येते. म्हणूनच की काय, बाईला मत द्यायची सवय याने लागली असे मला वाटते. नाटकाला गेल्यावर मत पुरुषमंडळी देत.

आता मालिकांविषयी. खरे सांगते, त्या घरांतील स्वयंपाकघर पाहून मला हसू येते. कुठे धूर नाही, खरकटे नाही. बाई झोपतेसुद्धा जरीच्या लुगड्यात. भांडणे महिना महिना चालतात, पण त्या घरात तांदूळ कुठून येतो हे मला इतक्या वर्षांत कळले नाही. आपल्याकडे रोवणा लागला की घरात भांडायलाही माणूस नसतो! दुसरे असे की, आपल्याकडची बोली ऐकू आली की ती हसविण्यासाठीच. 'चला हवा येऊ द्या' मध्ये अमरावतीकडचे भारत गणेशपुरे वऱ्हाडी बोलत तेव्हा आम्हीही पोट धरून हसलो, त्याबद्दल तक्रार नाही. पण रडायची वेळ आली की बाई पुण्याचीच भाषा बोलते. आपल्या झाडीपट्टीच्या नाटकातही पुष्कळदा असेच असते, तेव्हा एकट्या मुंबईवाल्यांना तरी काय म्हणावे?

'होम मिनिस्टर' हा कार्यक्रम २००४ साली सुरू झाला व पुष्कळ वर्षे चालला. पैठणी आपल्याला मिळणार नाही हे ठाऊक होते, आणि मिळाली तरी नेसून जायचे कुठे? तरीपण चार माणसांत बाईला तिचे नाव विचारीत, तिच्या संसाराचे विचारीत, ते पाहायला बरे वाटे. हेमलकशाच्या आमटे डॉक्टरांवरचा २०१४ चा चित्रपटही आम्ही टी.व्ही.वर पाहिला. नाना पाटेकरांचे काम चांगले आहे. माझे लक्ष मात्र मंदाताईंकडे अधिक होते. ते काम सोनाली कुलकर्णी यांनी केले आहे. नवऱ्याने जंगलात राहायचे ठरविले की बायकोचे काय काय ठरून जाते, हे मी त्यात शोधीत होते.

'आई कुठे काय करते' ही मालिका डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झाली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये संपली. ती मी व माझ्या मोठ्या जाऊबाई मिळून पाहत असू. घरासाठी राबणारी अरुंधती, आणि नवऱ्याचे मन दुसरीकडे. जाऊबाई तिच्यासाठी डोळे पुसत आणि लगेच तिच्यावर रागावत, "इतकं कायले सोसते वं हे?" चैत्रात आम्ही मोहफुले वेचायला जात असू, तेव्हा झाडाखाली हीच गोष्ट चाले. आपणा सर्वांना ठाऊक आहे की मोहफूल पहाटे गळते, आणि वेचणाऱ्या बाईला वाकून-बसूनच वेचावे लागते. वाघाला बसलेले माणूस जनावरासारखेच दिसते म्हणतात. म्हणून मोठ्याने बोलत राहावे लागते. अरुंधतीची गोष्ट आम्हाला तेवढ्यासाठीही उपयोगी होती. तिच्या नवऱ्याला आम्ही इतक्या मोठ्याने शिव्या देत असू की अर्धे जंगल जागे व्हावे.

२०२१ च्या एप्रिलमध्ये एके दिवशी जाऊबाई एकट्याच गेल्या. मी आदल्या रात्री राहिलेले भाग मोबाइलवर पाहत बसले आणि पहाटे मला जाग आली नाही. त्यांनी एक हाक मारली असे सासूबाई सांगतात. मला ती ऐकू आली नाही. त्या परत आल्या नाहीत. अधिक सांगत नाही. इथे बसलेल्यांपैकी काहींच्या घरी हे झालेले आहे.

त्यानंतर भेटायला येणारा जो तो एकच विचारी, "एवढ्या पायटे ते जंगलात गेलीच कायले?" कुणी सासूबाईंना विचारी, पाठविलीच का? सासूबाई उत्तर देत नसत. मीही देत नसे. आमचा टी.व्ही. दिवाळीपर्यंत बंद होता.

दिवाळीला मुलगा नागपूरहून आला. त्याने आणलेल्या यंत्रावर 'शेरनी' नावाचा हिंदी चित्रपट होता. तो त्याच वर्षी जूनमध्ये आलेला. विद्या बालन त्यात जंगल खात्याच्या अधिकारीण आहेत. यवतमाळकडची अवनी वाघीण २०१८ च्या नोव्हेंबरात मारली गेली, तिची आठवण व्हावी अशी ती कथा आहे. चित्रीकरण मात्र मध्य प्रदेशातील जंगलातले. मी मुलावर रागावले. म्हटले, घरात काय झाले ते विसरलास का? पण सासूबाई म्हणाल्या, "लाव. पाहू देजो मले."

त्या चित्रपटात गाणीबजावणी फार नाही. वाघीणही थोडीच दिसते. पुढारी तिच्या नावावर मते मागतात, एक शिकारी मिरवतो, आणि शेवटी तिला गोळी घातली जाते. आमच्या घरात त्यावरून वाद झाला. हे म्हणाले, चित्रपट वाघाच्या बाजूचा आहे, माणसाचे कोण पाहतो? त्यांच्या भावाचा संसार मोडला होता, तेव्हा त्यांचा राग मला समजतो. मेलेल्या माणसाच्या घरी चित्रपट फार वेळ थांबत नाही, ही उणीव मलाही वाटली. चूल दुसऱ्या दिवशी कोणी पेटविली, लेकरे कुणाजवळ निजली, हे त्यात नाही.

पण एक गोष्ट त्यात आहे, जी मी दुसऱ्या कुठल्या चित्रपटात पाहिली नाही. गावाची चराईची जागा गेलेली आहे. तेथे सागाची लागवड झाली आहे. तेव्हा गुरे घेऊन माणसाला वाघाच्या जंगलात शिरावे लागते, हे त्यातली गावची बाई, ज्योती, स्वतः सांगते. माणूस जंगलात गेला का, हे त्यांनी विचारले आणि उत्तरही दिले. शेवटी वाघिणीच्या पिलांचा पत्ता ज्योतीच लावून देते. गावाने ती पिले सांभाळलेली असतात. हे म्हणाले, असे कोणी करीत नाही. सासूबाई बऱ्याच वेळाने बोलल्या, "बाई करते." मग म्हणाल्या, "ते कायले गेली होती, हे यायनं सांगतलं. मी सांगतलं नव्हतं." आणि त्या दिवशी प्रथमच त्यांनी सांगितले, की मोठ्या नातवाच्या शाळेची फी राहिली होती व मोहफुलाचे पैसे हातात लवकर येतात म्हणून जाऊबाई उजाडायच्या आधीच निघाल्या. घरात कुणाला ठाऊक नव्हते. मला हाक मारली ती सोबतीसाठी.

तेव्हापासून मी काहीही पाहताना एवढेच पाहते, की ही बाई जे करते ते का करते हे दाखविणाऱ्याला ठाऊक आहे की नाही. ठाऊक नसेल तर मी भांडी घासायला उठते. अरुंधतीच्या मालिकेतही ते काही दिवस होते, काही दिवस नव्हते. नंतरचे भाग मी एकटीने पाहिले. जाऊबाईंच्या लेकीला मोहाखाली ती गोष्ट सांगते. आता ती माझ्यासोबत येते आणि आम्ही पाच-सहा जणी मिळून जातो, उजाडल्यावर.

माझी एक सूचना आहे. मंडळाच्या खोलीत टी.व्ही. आहे, तो बहुधा झाकूनच असतो. रोवणा आटोपला की एखाद्या दुपारी तेथे 'शेरनी' लावावा. सासूबाईंना पुन्हा पाहायचा आहे, त्यांना खुर्ची लागेल. पुरुषमंडळींना यायचे असेल तर येऊ द्यावे, पण मत आधी बायांनी द्यावे.