माहीमच्या देवळाचे दार
(ज्युबिलीनिमित्त बपेरा येथे केलेले भाषण)



ज्युबिलीच्या रात्री कोणते नाटक करावे यावरून आपल्या तरुण मंडळींत व वडीलधाऱ्यांत जो वाद माजला, तो आपणां सर्वांच्या कानी आलाच आहे. आपला मुलूखच नाटकवेडा. दिवाळी सरून मंडईचे दिवस लागले, म्हणजे ज्या गावी दंडार नाही ते गाव कसले, असे मानणारे आपण लोक! तेव्हा हा वाद व्हावा यात नवल नाही. परंतु तो ज्या विषयावरून झाला, त्याबद्दल दोन शब्द बोलावे अशी आम्हांस आज्ञा झाली आहे.

तरुणांनी सुचविलेले कथानक आयर्लंडचे आहे. लाइट्रिम परगण्यातील जेम्स ग्रॅल्टन हा शेतकऱ्याचा मुलगा 1921 साली अमेरिकेहून घरी परतला आणि शेजाऱ्यांच्या हातभाराने त्याने वडिलांच्या जमिनीवर एक सभागृह उभारले. तेथे वर्ग भरत, वादविवाद होत, आणि रात्री नाच होई. जमिनीवरून हुसकलेल्या कुळांची गाऱ्हाणीही तेथेच ऐकली जात. धर्मगुरूंस हे रुचले नाही. वेदीवरून निषेध झाला. 1932 च्या अखेरीस सभागृह जाळण्यात आले, आणि 1933 साली ग्रॅल्टनला, जन्म त्याच मातीतला असूनही, कोणतीही चौकशी न करता अमेरिकेस हद्दपार केले. तो 1945 साली तिकडेच वारला. 2014 साली केन लोच यांनी यावर चित्रपट काढला, आणि 2016 साली आयर्लंडच्या राष्ट्राध्यक्षांनी या अन्यायाबद्दल जाहीर खेद व्यक्त केला.

वडीलधारे म्हणाले, ‘‘ज्युबिलीच्या मंचावर पाद्रीबाबांना खलनायक करून उभे करावयाचे काय?’’ तरुण म्हणाले, ‘‘घडले ते घडले.’’ दोन्ही म्हणणी आम्हांस पटतात, आणि म्हणूनच आम्ही तिसरे सुचवितो. एवढ्या दूर जाण्याचे कारण काय? गाव आणि धर्मसत्ता यांचा सामना आपल्याच महाराष्ट्रात, मुंबईच्या माहीम गावी, प्रत्यक्ष देवळाच्या दारात झालेला आहे. त्यात खलनायक शोधू जाता सापडत नाही, हे त्याचे विशेष.

पोर्तुगालच्या राजास पोपमहाशयांकडून फार पूर्वी एक अधिकार मिळाला होता. पूर्वेकडे देवळे बांधावी, धर्मगुरूंचा चरितार्थ चालवावा, आणि त्याबदल्यात बिशपांची नावे राजाने सुचवावी. यास पाद्रोआद म्हणत. पुढे पोर्तुगीजांचे बळ ओसरले. 1739 साली वसई मराठ्यांनी घेतली. मुंबई तर त्याआधीच इंग्रजांची झाली होती. रोमच्या प्रोपगंडा या धर्मप्रसारसंस्थेने आपले प्रतिनिधी बिशप धाडले. 1720 साली इंग्रजांनी गोव्याच्या आर्चबिशपांचे धर्मगुरु मुंबईतून घालवून कार्मेलाइट पाद्र्यांस आणले. 1789 साली देवळे पुन्हा गोव्यास दिली. 1791 साली परत घेतली. आणि 1794 साली दोन देवळे यांना, दोन त्यांना, अशी वाटणी केली! भावाभावांच्या शेताचीसुद्धा इतकी फिरवाफिरव तलाठी करीत नाही. ही वाटणी ज्यांनी केली त्या कंपनी सरकारास कॅथोलिक धर्माचे सोयरसुतक नव्हते, आणि ज्यांची देवळे त्यांच्या भावना ओळखणारे त्यांत कोणी नव्हते.

माहीमचे संत मायकेलचे देऊळ सोळाव्या शतकातले. मराठ्यांची स्वारी आली तेव्हा वांद्र्याच्या डोंगरावरील मातेची मूर्ती याच देवळाच्या आसऱ्यास आणली होती, आणि ती 1761 साली परत गेली. अशा देवळाशी गावकऱ्यांचा संबंध कागदाने ठरत नसतो. तेथे त्यांचे बाप्तिस्मे झाले, तेथे त्यांनी आपली माणसे पुरली. गोव्याच्या धर्मगुरूंचा सहवास त्यांस पिढ्यान्‌पिढ्यांचा. 1838 साली पोपमहाशयांनी गोव्याचे येथील अधिकार काढून घेतले, तरी पुष्कळांच्या मनाने ते मानले नाही.

1853 साली संत मायकेलचे देऊळ गोव्याच्या पक्षाकडे जाणार, असा रंग दिसला. त्या वेळी मुंबईचा कारभार बिशप अनास्तासियुस हार्टमान यांजकडे होता. हे स्वित्झर्लंडचे कॅपुचिन संन्यासी, आधी पाटण्यास होते. कडक, पण स्वतःशी अधिक कडक. ते आपल्या माणसांसह देवळात जाऊन बसले आणि दारे लावून घेतली. शिधा आधीच भरून ठेवला होता. बाहेर गावकऱ्यांनी वेढा घातला. एक नव्हे, दोन नव्हे, पंधरा दिवस!

बंधुजनहो, हे दृश्य डोळ्यांपुढे आणावे. आयर्लंडात सत्ता आत होती आणि ग्रॅल्टन बाहेर काढला गेला. येथे बिशपच कोंडलेले, आणि गाव मोकळे. दाराच्या अलीकडे व पलीकडे एकच श्रद्धा. आतल्यांस वाटे, आम्ही पेत्राच्या आज्ञेत आहो. बाहेरच्यांस वाटे, आम्ही आपल्या वाडवडिलांच्या देवळात जात आहो, आम्हांस अडविणारे हे कोण? अखेर सरकारी अधिकाऱ्यांनी मध्ये पडून दार उघडविले व देऊळ गोव्याच्या पक्षास दिले. बिशपांच्या मागे राहिलेल्यांसाठी खालच्या माहीमात विजयमातेचे निराळे देऊळ बांधले गेले.

हार्टमान यांच्याविषयी आमचे मत सांगतो. ते आज्ञेने बरोबर होते, आणि तरी हरले. कारण गावास आधी कोणी विचारले नव्हते. गावकऱ्यांविषयीही सांगतो. त्यांचे प्रेम खरे होते, पण त्या प्रेमाने शेजारी शेजाऱ्याला परका झाला. एका गावात दोन अधिकार, ही स्थिती पुढे 1886 च्या करारानेही मिटली नाही. 1928 साली मिटली. म्हणजे वेढ्याच्या वेळी पाळण्यात असलेली मुले म्हातारी होऊन गेली, तोवर! हार्टमान 1866 साली पाटण्याजवळ कुर्जी येथे पटकीने वारले. 1998 साली त्यांस रोमने ‘वंदनीय’ म्हणून घोषित केले.

आज संत मायकेलात बुधवारी नोव्हेनास सर्व धर्मांचे लोक लोटतात. 1948 पासून ही प्रथा आहे. त्यांतील किती जणांस त्या पंधरा दिवसांची वार्ता असेल?

तेव्हा नाटक हेच बसवावे. सामग्री थोडी लागेल: मंचाच्या मध्यभागी एक दार, आणि दोन्ही बाजूंस माणसे. गावकरी आपल्याकडे पुष्कळ मिळतील. बिशपांची भूमिका कोणी करावी, हे मात्र अद्याप ठरलेले नाही. आयरिश नाटकास ज्यांनी सर्वांत कडाडून विरोध केला, त्यांनीच ती करावी, आणि वेढा घालणाऱ्यांचा पुढारी ज्यांनी ते सुचविले त्यांनी व्हावे, अशी आमची सूचना आहे. तालमी पुढल्या रविवारपासून, मिस्सेनंतर.